हब बोलला पाहिजे

नाक्यावर मास्तरांचा फ्लेक्स लागलाय. फोटोत मास्तर हसतायत. अकरा वर्षं मी त्या माणसाबरोबर काम केलं, हसताना कधी पाहिलं नाही. मंडळाच्या पोरांनी हा फोटो कुठून पैदा केला देव जाणे. खाली लिहिलंय, ‘जुन्या गाड्यांचे जादूगार, प्रेमळ मार्गदर्शक’, आणि त्याच्याखाली शोकाकुल म्हणून पहिलं नाव माझ्या गॅरेजचं. मला कुणी विचारलंही नाही.

प्रेमळ! अहो, कसलं प्रेमळ? गल्लीतली कुत्रीसुद्धा त्यांची छत्री दिसली की बाजू बदलायची. आणि मार्गदर्शक म्हणाल तर त्यांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नाही. तरी सगळे मास्तर म्हणायचे, कारण समोरचा माणूस नापास होणार हे ते आधीच ठरवून बसायचे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी खरं ते बोलणार आहे, त्यात माझंही काही चांगलं निघणार नाही.

गॅरेज बाबांचं. लालबागच्या एका गल्लीत, दोन गाड्या आत आणि एक गाडी अर्धी रस्त्यावर, एवढंच. पण काम फक्त जुन्या विलायती गाड्यांचं, त्यामुळे पेडर रोडपासून दादरपर्यंतचे हौशी लोक शोधत यायचे. मास्तर आधी बसडेपोच्या वर्कशॉपात होते, रिटायर झाल्यावर बाबांनी त्यांना हातापाया पडून आणलं. मी तेव्हा फोर्टात एका विमा कंपनीत नोकरीला होते. मग बाबांना झटका आला, उजवी बाजू गेली, आणि मी चौतिसाव्या वर्षी पंजाबी ड्रेसवर बाबांचा खाकी कोट चढवून गॅरेजात येऊन उभी राहिले. मास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, “आता काय, हळदीकुंकू करूचा हा हय?”

हे आमचं पहिलं बोलणं.

ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चाक ज्याच्यावर बसून फिरतं तो हब. त्याला जोडलेलं जे लोखंडी भांडं असतं, ज्याला आतून ब्रेक घासतात आणि गाडी थांबते, तो ड्रम. आजकाल ड्रम जरा ठोकला की निघतो. पण आमच्याकडच्या जुन्या गाड्यांत हब आणि ड्रम पाच बोल्टांनी कायमचे बांधलेले असतात. कारखान्यातच बोल्टाची मान दाबून फुलवलेली असते, म्हणजे तो हलतच नाही. ड्रम झिजला तर दुसरा मिळतो. हब मिळत नाही, तो जपायचा असतो. म्हणून दोघांना वेगळं करावं लागतं. सोपा रस्ता घणाचा. बोल्टावर पाचदहा घाव घातले की बोल्ट बाहेर. पण जाताना ती फुगलेली मान भोक फाडत जाते, हबला चीर जाते, आणि ती दिसत नाही. रस्त्यावर चाक निखळतं तेव्हा कळतं.

मास्तरांना घणाची शिसारी होती. “डोकं संपलं की माणूस घण उचलतो,” म्हणायचे. त्यांनी स्वतः एक कटर बनवला होता, नळीसारखा पोकळ, पुढे दात. तो बोल्टावर बरोबर टोपीसारखा बसायचा आणि फक्त ती फुगलेली मान गोल कातरून काढायचा. हबला ओरखडा नाही. मग प्रेसखाली धरून बोल्ट हलकेच खाली दाबायचा, तो ‘टुक्’ करून पडायचा. पाचही बोल्ट असे पडले की मास्तर दोन्ही हातांनी ड्रम उचलून बाजूला ठेवायचे. एका बाजूचं काम करायला पूर्ण दिवस. त्या दिवशी डबा उघडायचा नाही. त्यांच्या बायकोने, काकूंनी, दिलेलं बांगड्याचं सार संध्याकाळपर्यंत तसंच राहायचं आणि गॅरेजभर वास. कुणी “मास्तर, झालं का?” विचारलं तर संपलंच, हातातलं काम खाली ठेवून दहा मिनिटं बाहेर जाऊन उभे राहायचे.

कटर ते सुपारीच्या डबीत खोबरेल तेलात ठेवायचे आणि डबी खिशात घेऊन घरी जायचे. मी एकदा म्हटलं, मास्तर, असा अजून एक करून घेऊ या, तुम्ही आजारी पडलात तर? तर म्हणाले, “मी पडलो तर गाडी थांबेल. गाडीला घाई नसते, तुम्हाला असते.” काढलेले जुने बोल्ट भंगारवाल्याला द्यायचे नाहीत. ते रुमालात बांधून घरी जायचे. चाळीच्या गच्चीवर काकू बोंबील वाळत घालायच्या, त्या कापडाच्या चारी कोपऱ्यांवर हे बोल्ट. विलायतेतल्या गाडीचे बोल्ट आणि लालबागचे बोंबील! हे बाकी मला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

गिऱ्हाइकांशी वागणं म्हणजे तर विचारू नका. एकदा पेडर रोडचे एक गृहस्थ आले, हातात पांढरे मोजे, गाडी त्यांच्या आजोबांची. “जपून हं, सेंटिमेंटल व्हॅल्यू आहे,” म्हणाले. मास्तरांनी काढलेला ड्रम त्यांच्या हातात दिला, आठदहा किलोचा, काळा ढुस्स, आणि म्हणाले, “धरा. माझं होईपर्यंत धरून उभे राहा. एवढं प्रेम आहे तर.” गृहस्थ खरंच वीस मिनिटं धरून उभे राहिले. मोज्यांचं वाटोळं झालं. आणि गंमत म्हणजे पुढे तेच गृहस्थ चार लोकांना घेऊन आले. लोकांना असा अपमान आवडतो, पैसे देऊन करून घेतात. मला फुकट मिळायचा.

आता मुख्य गोष्ट. हब वेगळा झाला की तो तारेच्या आकड्याला टांगायचा. पंखा बंद. रेडिओ बंद. शेजारचा झेरॉक्सवाला पण मशीन थांबवायचा, इतका धाक. मास्तर खिशातून त्यांच्या आईच्या खलबत्त्यातला छोटा पितळी बत्ता काढायचे, डोळे मिटायचे, आणि हबच्या काठावर एकच टोला द्यायचे. हब अखंड असेल तर देवळातल्यासारखा लांब आवाज येतो. चीर असेल तर बद्द. मास्तर दोनच शब्द बोलायचे, ‘बोलतो’ किंवा ‘मुको’. बोलतो म्हटलं की हब गाडीला. मुको म्हटलं की तो हब कुणी चढवायचा नाही, मग गिऱ्हाईक कितीही रडो. आणि मास्तरांच्या आधी कुणी तोंड उघडायचं नाही हा गॅरेजचा नियम, बाबांच्या काळापासूनचा.

दुसरा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतलेला. ज्या चाकाचं काम केलं, त्या चाकाच्या सगळ्यात जवळच्या सीटवर ट्रायलच्या वेळी ते स्वतः बसायचे. पुढचं डावं असेल तर ड्रायव्हरच्या शेजारी. “आधी मी, मग गिऱ्हाइकाची पोरंबाळं,” म्हणायचे. पावसात, तापात, कधी चुकलं नाही.

माझं लक्ष सगळं त्या आवाजाकडे असायचं. मला कान बाबांचा मिळालाय. वाईट आवाज मला सहनच होत नाही; शाळेत पाटीवर पेन्सिल करकरली तरी माझं तोंड आपोआप वाकडं व्हायचं, बाई समजायच्या मी वेडावून दाखवते. मास्तरांचा टोला बद्द वाजला की मला ‘मुको’ ऐकायच्या आधीच कळायचं. पण सांगायची सोय नव्हती.

पहिल्याच वर्षी मी शहाणपणा केला. एका हबला मास्तर ‘बोलतो’ म्हणाले, आणि मला वाटलं आवाजाच्या शेवटी काहीतरी खरखर आहे. चार गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हटलं, थांबा, खात्री करू. हबला रॉकेल लावलं, कोरडं पुसलं, वरून खडूची पूड फासली. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उठते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. रेघ नाही. काही नाही. मास्तर हात मागे बांधून उभे होते. मग म्हणाले, “छान. आता दोन ठिपके जोड, कासव काढ.” सगळे हसले. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. वर्षभर मला पोरं विचारायची, ताई, आज रांगोळी नाही का? घरी जाऊन मी बाबांच्या समोर रडले. बाबांची जीभ तेव्हा जड झालेली, एकेक शब्द ओढत म्हणाले, “त्याचा... कान... देवाचा आहे.”

झालं. देवाच्या पुढे आपण कोण? मी परत कधी खडू उचलला नाही. चूक माझी होती हे मान्य, पण एक माणूस दुसऱ्याला चुकायला एकदाच देतो आणि तेच आयुष्यभर पुरवतो, हे मला तेव्हा कळलं.

मग शेवटच्या तीन वर्षांत त्यांनी नवीन तऱ्हा काढली. हब टांगला की मला हाक मारायची. मी फोनवर असो, बाबांच्या औषधाची चिठ्ठी हातात असो, “गो, ये हय. समोर उभी राहा. अशी नाय, उजेडात.” मी समोर, मध्ये हब, पलीकडे मास्तर. पूर्वी डोळे मिटून ठोकायचे, आता टक्क उघडे, माझ्याकडे. टोला द्यायचे, क्षणभर थांबायचे, मग ‘बोलतो’ नाहीतर ‘मुको’. मालकीण असून शाळेतल्या पोरीसारखी उभी करतात, सगळ्यांना दाखवतात की बघा, ही माझ्यासमोर हात जोडून उभी असते, असं मला वाटायचं. आतून जळायचे मी. पंखा चालू राहिला तरी आता त्यांना चालायचं, आणि हाक मारली तर तिसऱ्या वेळेपर्यंत वळून बघायचे नाहीत. मला वाटलं, म्हातारा माजलाय.

फणसवाडीचे एक वकील होते, सत्तरीचे, अगदी सज्जन. त्यांच्या वडिलांची गाडी बोळात ताडपत्रीखाली ठेवलेली. पाडव्याच्या शोभायात्रेत ती काढायची त्यांची फार इच्छा. गाडीचा पुढचा डावा ड्रम पार गेला होता. मास्तरांनी पूर्ण दिवस खपून हब आणि ड्रम वेगळे केले. काम करतानाच त्यांच्या लक्षात आलं की पूर्वी कुणीतरी या हबवर घण चालवलेला आहे. एका भोकाचा काठ चेपलेला होता. दिवसभर त्या अज्ञात माणसाच्या आईबापांचा उद्धार चालला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकील आले. त्यांनी कुठल्याशा पेपरात माझ्याबद्दल छापून आलेलं कात्रण आणलं होतं, बाई चालवते जुन्या गाड्यांचं गॅरेज, असलं काहीतरी. कौतुकाने, कोर्टातल्यासारख्या मोठ्या आवाजात म्हणाले, “ताई, तुमच्यासारख्यांच्या हातात गाडी दिली की काळजी नाही.” मला इतकं बरं वाटलं! कोण बोलतं हो असं आपल्याशी? आणि मागून मास्तरांचा आवाज आला, भलामोठा, हल्ली ते असेच ओरडून बोलायचे, “हिच्या हातात? वकीलसाहेब, ह्या दोघांतला हब कुठला विचारा तिला. रांगोळी काढता बरी.” वकील बिचारे कात्रणाची घडी घालायला लागले.

माझ्या कानांतून धूर निघाला. त्याच मिनिटाला हब टांगला आणि हाक आली, “गो, समोर उभी राहा.”

मी गेले. ठरवून गेले. आज काय वाट्टेल ते होवो, तोंडावरची माशी हलू द्यायची नाही. माझा तमाशा बघायची सवय लागलीय ना, बघा. मास्तरांनी बत्ता उचलला, माझ्याकडे बघत टोला दिला.

बद्द.

फुटक्या मडक्यासारखं. एवढं स्पष्ट की आंधळ्यालाही दिसावं. मी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभी राहिले. चेहरा लाकडाचा. मास्तर थांबले, नेहमीपेक्षा जास्त थांबले. भुवया वर केल्या. परत एक टोला दिला. परत बद्द. मी एकादशी कधी आहे ते वाचत होते. मग मास्तर म्हणाले, “बोलतो.”

माझ्या मनात आनंदाची उकळी फुटली, हे मी आज लिहिते आहे कारण ते खरं आहे. देवाचा कान चुकला! मी हिशोब केला की आता हे जोडतील, ट्रायलला जातील, चाकातून आवाज येईल, परत येतील. मग मी सगळ्यांसमोर रॉकेल आणि खडू आणणार, वकिलांसमोर, झेरॉक्सवाल्यासमोर. या वेळी रेघ उठणार. कासव कुणाचं निघतं ते बघू. गल्लीतून बाहेर, पुलाखालून शिवडीच्या बाजूला आणि परत, एवढीच तर ट्रायल. एवढ्यात काय होतंय?

आणि त्या चाकाच्या जवळच्या सीटवर मास्तर बसणार होते. हे मी विसरले होते का? नाही. कुणी विचारलं असतं तर विसरले म्हणाले असते. कुणी विचारलंच नाही.

शिवडीच्या वळणावर चाक निखळलं. वकील चालवत होते, वेगही फार नव्हता. गाडी डावीकडे बसली, दुभाजकाला घासली, आणि त्या जुन्या दाराची कडी उघडली. असल्या गाड्यांना पट्टे नसतात. वकिलांना खरचटलंही नाही. मास्तर बाहेर फेकले गेले आणि खुब्याचं हाड मोडलं. पोलिसांनी लिहिलं, जुनी गाडी, चाक निखळलं. हबचा तुकडा माझ्याकडे परत आला. तुटलेली कड अर्धी काळी होती, गंजलेली, म्हणजे चीर कितीतरी जुनी. आणि अर्धी चकचकीत, त्या दिवशीची. मास्तरांच्या कटरने त्याला काहीही झालेलं नव्हतं. हात शेवटपर्यंत चुकला नाही त्यांचा.

तिसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात गेले. काकू पलंगाशी बसल्या होत्या. त्या वाकून, अगदी त्यांच्या कानाला तोंड लावून ओरडल्या, “पोरगी आलीय! गॅरेजची!” बाजूचे दोन पेशंट दचकले. मी म्हटलं, काकू, एवढ्या मोठ्याने? त्या म्हणाल्या, “तुका माहीत नाय? तीन वर्सां झाली. सांगू नको म्हणतत कोणाक. काम जायत म्हणान.” आणि चहा आणते म्हणून बाहेर गेल्या.

मी खुर्चीत बसले. मास्तरांनी मला खुणेने जवळ बोलावलं. “समोर बस. उजेडात.” मी बसले.

म्हणाले, “माका ऐकू येत नाय गो. तू शिव्या घालशील, घाल. पण मी फसवलं नाय कुणाला. तुझ्या तोंडाकडे बघून सांगायचो. हब मुको असला की तुझं तोंड वाकडं व्हायचं, लगेच. तीन वर्षांत एकदा चुकलं नाय तुझं. बापापेक्षा कान तिखट तुझा. माझ्यापेक्षा पण. बोललो नाय कधी, बोललो असतो तर तू हसायला लागली असतीस, मग तोंड कसं वाचणार?” श्वास लागला होता. मग म्हणाले, “त्या दिवशी तुझं तोंड हललं नाय. दोनदा ठोकलं मी. म्हणजे चीर इतकी बारीक, तुलाही नाय ऐकू आली. तुला नाय आली तर कुणालाच नसती आली. जीव नको खाऊ स्वतःचा. तुझी चूक नाय.”

अकरा वर्षांत त्या माणसाने माझं केलेलं हे पहिलं कौतुक. मी त्यासाठी किती वर्षं तोंड वासून बसले होते, मलाच ठाऊक. ते आलं ते असं.

त्यानंतर मास्तर दोन वर्षं चाळीतल्या खोलीत पडून होते, चालले नाहीत. कटरची डबी काकूंनी माझ्याकडे पाठवली, “ह्यांनी सांगलानी, तिका दी” असं म्हणून. ती माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मी उघडलेली नाही. हब-ड्रमचं काम आमच्याकडे आता घेत नाही. लोक दुसरीकडे जातात आणि घणाने करून घेतात. बत्ता अपघातात खिशातून कुठे पडला, सापडला नाही.

पण त्या दिवशी हॉस्पिटलात मी सांगू शकले असते. काकू बाहेर होत्या, आणि बाजूच्या दोघा पेशंटांना त्यातलं काही कळलं नसतं. मी म्हणाले, “हो मास्तर, मलाही नाही आलं ऐकू.” त्यांना अर्थातच ते ऐकू गेलं नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, भुवया वर करून, नेहमीपेक्षा जास्त वेळ. आणि मी तेव्हाही तोंडावरची माशी हलू दिली नाही.